हंगरफर्ड ते डिव्हायझेस, लेकीच्या बोटीतून

पस्तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, आणि मधला सगळा काळ कालव्याच्या काठाने गेला. या काळात कालव्यात मी म्हशी पाहिल्या, चोरून सोडलेले पाइप पाहिले, एकदा अख्खा ट्रॅक्टर पाहिला. बोट मात्र कधी पाहिली नाही. त्यामुळे इंग्लंडात रीडिंगला राहणाऱ्या आमच्या सायलीने भाड्याचा फ्लॅट सोडून कालव्यातली बोट विकत घेतल्याचं आणि यापुढे ती तिथेच राहणार असल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "कालवा ही काय राहायची जागा आहे?"

सायली चौतीस वर्षांची. एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. लग्नाचा विषय आम्ही कधीच सोडून दिला होता, पण घराचा सोडायला मी तयार नव्हतो. माझ्या बदल्यांपायी या पोरीच्या सात शाळा झाल्या. दर दीड-दोन वर्षांनी नवी कॉलनी, नवं क्वार्टर, नवे वर्गशिक्षक. तिसऱ्या बदलीला ती ट्रकमागे मैत्रिणीच्या नावाने रडत होती, ते मी विसरलेलो नाही. हिला पुढे एक पक्कं घर मिळवून द्यायचं, जिथून कुणी उठवणार नाही असं, हे मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आणि आता ती राहते कुठे, तर दर चौदा दिवसांनी जागा बदलावी लागणाऱ्या बोटीवर! ज्यांनी कायमची जागा भाड्याने घेतलेली नाही, त्यांना तिथे हाच नियम आहे.

मे महिन्यात मी आणि मंगल, म्हणजे माझी पत्नी, इंग्लंडला गेलो ते बोट विकायला लावायचीच, असं ठरवून. म्हणजे मी ठरवून. मंगलने बॅगेत तीन किलो भाजणी भरली होती, त्यावरून तिचा कल मला कळायला हवा होता. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. सायलीने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, आपण डील करू," ती म्हणाली. "पाच दिवस माझ्याबरोबर बोटीवर चला. हंगरफर्ड ते डिव्हायझेस. शेवटी तुम्ही म्हणालात विक, तर मी विकेन. नो आर्ग्युमेंट्स."

"नक्की?"

"नक्की."

"अहो, आधी बघा तरी," मंगल म्हणाली. मी मनात म्हटलं, पाच दिवस काय, बघता बघता जातील.

मंगळवार, हंगरफर्ड

बोटीचं नाव 'लॅपविंग', म्हणजे आपली टिटवी. रुंदीला एस.टी.पेक्षा कमी आणि लांबीला दीड एस.टी. आत एकामागे एक असं सगळं: कोळशाची शेगडी, ओटा, तिचं ऑफिसचं टेबल, न्हाणी, झोपायची जागा. समोरून कुणी आलं की एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. मंगलने पहिल्या दहा मिनिटांत ओटा ताब्यात घेतला आणि मी पहिल्या दहा मिनिटांत दोनदा कपाळमोक्ष करून घेतला.

संडासाचं मात्र सांगितलंच पाहिजे. खाली एक पेटी असते. ती भरली की आपणच उचलून, चाकांवर ओढत, काठावरच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. सायली ते काम शीळ घालत करते. मी तिच्या मागून चालत होतो आणि वाटेत भेटणारे सगळे गोरे साहेब तिला हसून 'मॉर्निंग' म्हणत होते. त्यातल्या एका सुटाबुटातल्या गृहस्थाच्या हातातही तसलीच पेटी होती. पाच दिवसांनी ती पेटी मी ओढत होतो, हे इथेच कबूल करून टाकतो.

बोट निघाली. वेग किती? काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या एका आजी आम्हाला मागे टाकून गेल्या. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी लगडलेली काटेरी झुडपं, कुरणात कालव्यापर्यंत उतरलेल्या गाई, आणि मागे पिल्लांची रांग घेऊन जाणारी बदकं. सुंदर होतं, नाही कसं म्हणू? पण माझी नजर पाण्यावर होती आणि पाणी वाहत नव्हतं. आमच्या खात्यात कालव्याचं पाणी उभं राहिलं याचा अर्थ एकच, कुठेतरी गेट पडलंय आणि आता फोन येणार.

सायलीने समजावलं. हा कालवा शेताला पाणी द्यायला खोदलेलाच नाही. लंडन आणि ब्रिस्टल या दोन शहरांमधला माल बोटींनी न्यायला खोदला. डोंगर आडवा आला की पाण्याचा जिना करायचा. त्या जिन्याची एक पायरी म्हणजे लॉक: दोन टोकांना लाकडी दरवाजे असलेला दगडी हौद. बोट हौदात घ्यायची, दरवाजे लावायचे, दरवाज्यातल्या झडपा लोखंडी हॅन्डलने उघडून वरचं पाणी आत घ्यायचं, की बोट आपोआप वर. उतरताना हौदातलं पाणी खाली सोडायचं. दोन लॉकच्या मधलं पाणी आपल्या टप्प्यात उभंच. प्रत्येक बोट गेली की एक हौदभर पाणी खाली उतरतं, एवढंच काय ते वाहणं. पहिल्या लॉकचं हॅन्डल मी तिच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं. दात्यांचा तो खडखडाट आणि खाली पाण्याचा घुसमटलेला आवाज, निवृत्तीनंतर सहा वर्षांनी ऐकला. बरं वाटलं, पण ते मी कुणाला दाखवलं नाही.

बुधवार, ग्रेट बेडविनच्या पुढे

आता माझा पराक्रम.

रात्री आम्ही दोन लॉकच्या मधल्या एका आखूड टप्प्यात बोट बांधली होती. मला पाचला जाग येते आणि तिकडे मे महिन्यात पाचला लख्ख उजेड असतो. दोघी झोपलेल्या. मी हॅन्डल घेऊन फिरायला निघालो. हॅन्डल का घेतलं, ते आजही सांगता येणार नाही. खालच्या लॉकपाशी आलो आणि पाहतो तर त्याच्या खालचा टप्पा चांगला हातभर खाली गेलेला. काठाचा चिखल उघडा पडला होता. दरवाजे गळत असणार, रात्रभरात पाणी उतरलं असणार. आणि आमच्या टप्प्यात पाणी काठोकाठ.

वरच्याकडे तुडुंब आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ठणठणाट. याच्यावरून मी आयुष्यभर लोकांशी भांडलो आहे. हात आपोआप हॅन्डलला गेले. वरच्या झडपा उघडल्या, खालच्याही उघडल्या, पाणी हौदातून सरळ खाली धावायला लागलं. आणि मग मी तेच केलं जे आवर्तन सुटल्यावर नेहमी करायचो. आवर्तन म्हणजे ठरलेल्या पाळीने सोडलेलं पाणी. ते टेलला पोचलं का ते बघायला पाण्याबरोबर चालत जायचं, आणि शेवटच्या शेतात ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गेटला हात लावायचा नाही. झडपा तशाच ठेवून मी निघालो. तासाभराहून जास्त वेळ चाललो. पाणी छान चढत होतं. परत येताना मी गुणगुणत होतो.

लॉकपाशी पोचलो आणि झडपा बंद करायचंही भान राहिलं नाही. आमच्या टप्प्यात पाणीच नव्हतं. चिखलात मधोमध एक नाली उरली होती आणि 'लॅपविंग' एका अंगावर कलंडून पडली होती. मंगल गाउनवर काठावर उभी, हातात पिठल्याची कढई.

"अहो," ती म्हणाली, "मी पलंगावरून खाली घरंगळले."

सायलीने माझ्या हातातल्या हॅन्डलकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती धावत जाऊन झडपा बंद करून आली आणि मग चिखलात उतरून बोटीचा तळ बघायला लागली. तिच्या घराला मी भोक पाडलं की काय? मी तिथेच गवतात बसलो.

तेवढ्यात पॅटबाई आल्या. सत्तरीच्या, फुगीर जाकीट घातलेल्या, निवृत्त शाळामास्तरीण. लॉक सांभाळायचं काम त्या फुकट, हौसेने करतात. त्यांनी रिकाम्या टप्प्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "ओ डिअर. समबडीज बीन बिझी."

मी उभा राहिलो. "मॅडम, आय डिड इट," म्हटलं. का केलं तेही सांगितलं. टेल, आवर्तन, शेवटचं शेत, माझ्या कचेरीतल्या इंग्रजीत सगळं. मला वाटलं, आता दंड, पोलीस, व्हिसा. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्याकडे अशा वेळी रिकामा टप्पा कसा भरतात?"

पस्तीस वर्षांत मला साहेबाने असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, एकाच वरच्या टप्प्यातून पाणी काढू नका. तो रिकामा होईल आणि तिथल्या बोटी पडतील. वरच्या प्रत्येक टप्प्यातून थोडं थोडं घ्या. काठाच्या भिंतीला विटा दिसतात ना, प्रत्येक टप्प्यात फक्त एका विटेच्या उंचीइतकं उतरू द्या. बाईंनी फोन करून वरिष्ठांची परवानगी घेतली आणि आम्ही कामाला लागलो. एका लॉकवर त्या, एकावर सायली, मी मधे धावतोय, वीट मोजतोय, हात वर करून 'बंद' म्हणून सांगतोय. दुपारी दोनपर्यंत 'लॅपविंग' हलली, कण्हली आणि सरळ झाली. तळाला काही झालं नव्हतं. मंगलने सगळ्यांना थालीपीठं वाढली. पॅटबाईंनी तीन खाल्ली आणि ती कशाची केली ते कागदावर लिहून घेतलं.

"बाबा, सॉरी म्हणायची गरज नाही," संध्याकाळी सायली म्हणाली. "इथे प्रत्येकाने एकदा तरी कुणाला तरी चिखलात बसवलंय. मी पहिल्या महिन्यात दोन बोटी बसवल्या होत्या."

तरीही मी सॉरी म्हणालो. मुलीला पहिल्यांदाच म्हणालो असेन.

गुरुवार, क्रॉफ्टन

क्रॉफ्टनला कालवा सगळ्यात उंच चढतो, आणि खोदणाऱ्यांची पंचाईत अशी की वर पाणीच नाही. म्हणून खालून पाणी उपसून वर चढवायचं. त्यासाठी दोनशे वर्षांपूर्वी बसवलेलं वाफेचं इंजिन अजून जागेवर आहे. रोजचं काम आता विजेचा पंप करतो, पण ठरलेल्या दिवशी लोक हौसेने कोळसा टाकून ते जुनं इंजिन चालवतात. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं. नुसतं तेलपाणी चाललं होतं. एवढा मोठा लोखंडी तुळयांचा डोलारा आणि पितळेची कडी अशी घासलेली, की मंगल म्हणाली, माझी समई कधी इतकी लखलखली नाही.

तिथल्या फलकांवर कालव्याची हकीकत वाचली. बांधून थोडी वर्षं चांगली गेली, मग शेजारून आगगाडी आली. माल तिकडे गेला. शेवटी आगगाडीच्या कंपनीनेच कालवा विकत घेतला आणि हळूहळू दुर्लक्ष केलं. दरवाजे कुजले, लव्हाळी वाढली, कित्येक ठिकाणी पाणी आटलं. सरकार बुजवायला निघालं होतं. तेव्हा काठावरची साधी माणसं उठली, सुटीच्या दिवशी फावडी घेऊन चिखल उपसायला लागली, आणि कित्येक वर्षांनी त्यांनी कालवा पुन्हा सलग केला.

मी तो फलक दोनदा वाचला. आमच्या चाऱ्यांमधला, म्हणजे शेतापर्यंत जाणाऱ्या पोटकालव्यांमधला, गाळ काढायचे प्रस्ताव मी स्वतः टाइप करून पाठवले आहेत आणि ते टेबलावर म्हातारे होताना पाहिले आहेत. मेलेला कालवा माणसं फावड्याने जिवंत करतात, हे कुणी ऐकवलं असतं तर मी हसलो असतो.

शुक्रवार, लॉक नसलेले पंधरा मैल

वूटन रिव्हर्सपासून डिव्हायझेसपर्यंत एकही लॉक नाही. डावीउजवीकडे गवताच्या गोल टेकड्या, त्यातल्या एकीवर माती खरवडून काढलेला खडूसारखा पांढरा घोडा. मैलभर तो आमच्याबरोबर चालल्यासारखा वाटत राहिला. सायलीने सुकाणू माझ्या हातात दिलं. डावीकडे वळायचं तर दांडा उजवीकडे ढकलायचा, हे अंगवळणी पडेपर्यंत मी एका झाडाला आणि दोन वेळा काठाला भेटून आलो.

वाटेत बांधलेल्या प्रत्येक बोटीवरून कुणीतरी तिला हाक मारत होतं. कुणी ती चार दिवस दिसली नाही म्हणून विचारलं, कुणी रोपं दिली. मी म्हटलं, "एवढ्या ओळखी?"

"फ्लॅटमध्ये दोन वर्षं होते बाबा, शेजारी कोण ते माहीत नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत मला ताप आला होता, इथल्या लोकांनी माझी बोट ढकलत, टाकी भरायला पाण्याच्या नळापर्यंत नेली. सूप आणून दिलं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही लगेच तिकीट काढलं असतं."

"काढलंच असतं. आणि थंडी? डॉक्टर? पत्ता?"

"थंडी असते. सकाळी शेगडी विझलेली असली की रडू येतं कधी कधी. पत्त्याचा त्रासही आहे, नाही म्हणत नाही." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "बाबा, तुम्हाला वाटतं ना, बदल्यांमुळे माझं नुकसान झालं?"

"झालंच ना," मी म्हणालो.

"मला मैत्रिणी सोडताना वाईट वाटायचं. पण घर सोडल्यासारखं कधी वाटलं नाही. प्रत्येक कॉलनीबाहेर कालवा असायचाच. संध्याकाळी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून गेटं बघायला न्यायचात. मला कालव्याच्या काठाला झोप लागते, फ्लॅटमध्ये लागत नाही. हे तुमच्यामुळेच झालंय."

इतकी वर्षं जे मी तिच्याकडून हिरावून घेतलं असं समजत होतो, तेच ती शोधत आली होती. ते समजून घेण्याच्या गडबडीत मी बोट पुन्हा काठाला घातली.

डिव्हायझेसला बोट बांधताना ती म्हणाली, "उद्या खाली टेकडीच्या पायथ्याशी एक कपल येणार आहे. बर्मिंगहॅमहून. बोट बघायला."

"कशाला?"

"तुम्ही विक म्हणालात तर? मी शब्द दिलाय ना."

शनिवार, केन हिल

डिव्हायझेसच्या उतारावर एकोणतीस लॉक आहेत आणि त्यातले सोळा एकाखाली एक, नाकासमोर सरळ. वरून पाहिलं की काळ्यापांढऱ्या दरवाज्यांची रांग टेकडी उतरत जाते. कालव्याचा सगळ्यात शेवटी पूर्ण झालेला भाग हाच. लागलेल्या विटा टेकडीच्या पायथ्यालाच भाजल्या. जागा इतकी कमी, की प्रत्येक लॉकचं पाणी साठवायला शेजारी आडवं तळं काढलंय. आज त्या तळ्यांत हंस राहतात. ज्याने हे आखलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

सकाळी आठला सुरुवात केली. माझं मन मात्र खाली येणाऱ्या त्या जोडप्यापाशी होतं. बोटीवरचा माझा राग गेला होता, हे मला कळत होतं. पण एक गोष्ट जात नव्हती. आम्ही तिघं आहोत म्हणून हे चाललंय. पावसात, जानेवारीत, एकटी पोर काय करत असेल?

शेवटचे तीन लॉक राहिले तेव्हा मी तिला हे विचारलं.

"बसा काठावर," ती म्हणाली. "आणि हात लावायचा नाही."

मी आणि मंगल गवतात बसलो. सायलीने बोट हौदात आणली, हातात दोर घेऊन काठावर उतरली, दोर खुंटाला गुंडाळला. मग दरवाज्याच्या लांब दांड्याला पाठ लावून, टाचा विटांत रोवून, कणाकणाने तो लावला. पलीकडे जाऊन दुसराही लावला. खालच्या झडपा उघडल्या. पाणी उतरत गेलं तसा ती दोर सोडत गेली, जास्त नाही, कमी नाही. एकदा वाऱ्याने बोट तिरकी झाली आणि मी उठलो. मंगलने माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. सायलीने दोराला एक वळसा आणखी दिला, बोट सरळ झाली. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. ती तिच्या कामात होती. गेटवर उभं असताना मीही असाच कुणाकडे बघत नसे.

तिन्ही लॉकमधून बोट तिने एकटीने उतरवली. मी हात लावला नाही. आयुष्यात याहून अवघड काम मी केलं नसेल.

पायथ्याशी बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं, शेजारी तपकिरी कुत्रं. ते दोघं उठून हसत पुढे आले. 'लॅपविंग'कडे ज्या नजरेने त्यांनी पाहिलं, ती मला आवडली नाही. सायली हातात दोर घेऊन उभी राहिली. तिचा चेहरा घामाने डबडबलेला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, ते ती लपवतही नव्हती.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "काय सांगू यांना?"

मी एक शब्द बोललो असतो तर ती वाद घालणार नव्हती. रुसणारही नव्हती. सामान बांधून, मी तिच्यासाठी इंटरनेटवर पाहून ठेवलेल्या एका फ्लॅटमध्ये जाऊन राहिली असती आणि रोज रात्री जागी राहिली असती. मंगल माझ्याकडे बघत होती. मी पुढे झालो. माझं इंग्रजी टिपणं लिहिण्यापुरतं, पण त्या दिवशी ते अडखळलं नाही.

"सॉरी," मी त्या दोघांना म्हणालो. "धिस बोट इज नॉट फॉर सेल. माय डॉटर लिव्ह्ज हिअर."